बोर्ड गेला म्हणजे नेमके काय गेले?

आमच्या वस्तीत लॅपटॉप येतो तो बहुधा सेकंडहँडच. पण तो घरात आला की चौघांचा होतो. मुलीचा अभ्यास त्यावर, मुलाचे नोकरीचे अर्ज त्यावर. म्हणून पडद्यावर रेघा उमटू लागल्या की साऱ्या घराचे तोंड उतरते. दुकानात नेला तर उत्तर ठरलेले : ‘बोर्ड गेला, आठ-नऊ हजार लागतील.’

मी बी. कॉम. झालेला कारकून, इंजिनिअर नव्हे. पण कचेरीत दिवसभर संगणकापुढे बसतो, आणि संध्याकाळी अभ्यासिकेतल्या मुलांचे यंत्र अडले की ती माझ्याकडेच येतात. रोग कुठे आहे, हे खिशात हात घालण्याआधी बऱ्याच अंशी घरीच ओळखता येते, असा माझा अनुभव आहे.

गोष्ट साधी आहे. ग्राफिक्सची चिप चित्र तयार करते, झाकणाच्या बिजागरीतून जाणारी बारीक केबल ते पडद्यापर्यंत नेते आणि पडदा ते दाखवतो. या तिघांपैकी आजारी कोण, एवढेच शोधायचे.

शेजारच्या वहिनी दोन ठिकाणी कामाला जातात. त्यांची मुलगी एका रात्री धावत आली. “काका, उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, आणि हे बघा!” पडदाभर हिरव्या रेघा. दुकानदाराने बोर्डाचाच खर्च सांगितला होता. आम्ही एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र स्वच्छ! म्हणजे चिप धडधाकट. मग झाकण हळूहळू मागेपुढे केले, तर रेघा कमीजास्त होऊ लागल्या. दोष केबलचा होता. फॉर्म त्या रात्री टीव्हीकडे बघतच भरला. पुढे दुसऱ्या कारागिराने तीनशे रुपयांत केबल नीट बसवून दिली.

पडदा अगदी काळा असेल तर त्यावर टॉर्च तिरका धरावा. आत चित्र पुसट दिसले तर गेला आहे तो मागचा प्रकाश. विंडोज सुरू झाल्यावरच चित्र बिघडत असेल तर सेफ मोडमध्ये चालू करून पाहावे. तिथे ठीक दिसले तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा, आणि तो नव्याने टाकायला पैसे लागत नाहीत. दहा मिनिटे गेम खेळल्यावरच चित्र फाटत असेल तर पंख्यातली धूळ काढावी. गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम केले की हवा कोंडते, हे मुलांना किती वेळा सांगावे!

पण कंपनीचे नाव येते त्या पहिल्याच क्षणी चौकटी-ठिपके दिसत असतील, आणि टीव्हीवरही तेच दिसत असेल, तर दोष खोल आहे. ज्या यंत्रात ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असते, तिथे ते मुख्य रॅम वापरते. म्हणून आधी रॅम काढून पुन्हा बसवून पाहावी. तरीही फरक नाही, तर चिप गेली असे बहुतेक धरावे. ती बोर्डालाच डाखलेली असते, म्हणून दुकानदार ‘बोर्ड गेला’ म्हणतो. तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाचे असेच झाले. बापाने त्याला मारले : “गेम खेळून खेळून घालवलास!” मला ते पाहवले नाही. यात दरवेळी वापरणाऱ्याचाच दोष असतो असे नाही. एनव्हिडिया या मोठ्या कंपनीने जुलै २००८ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की, लॅपटॉपमधल्या तिच्या काही चिपा कच्च्या मालामुळे निकामी होत आहेत, आणि त्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. ॲपलनेही २०११ ते २०१३ च्या काही मॅकबुक प्रो यंत्रांतील असाच दोष फुकट दुरुस्त करून देण्याची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केली. हे त्या बापाला समजावून सांगितले. तो काही बोलला नाही, पण मुलाला जेवायला हाक मारली.

तोवर त्यांनी एका दुकानात अडीच हजार देऊन चिप ‘गरम’ करून घेतली होती. यंत्र तीन आठवडे चालले. अशा चिपेत पुष्कळदा आतलाच सांधा तुटलेला असतो. उष्णतेने तो तात्पुरता धरतो आणि पुन्हा सुटतो. दुकानदाराने हमी लेखी दिली नव्हती, पैसेही परत दिले नाहीत.

नव्या बोर्डाच्या खर्चात दुसरा जुना लॅपटॉप आला असता, म्हणून दुरुस्तीचा नाद सोडला. यंत्राची हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. ती काढून बाहेरच्या केसिंगमध्ये घातली आणि अभ्यासिकेतल्या संगणकाला जोडली. मुलाचा प्रोजेक्ट, दाखल्यांच्या प्रती, आजीचे फोटो, सगळे मिळाले. फोटो आधी पेनड्राइव्हवर घ्या, असे बापच म्हणाला.