नेरूळची जत्रा

पेपर तपासायचे आहेत, ही मराठीच्या प्राध्यापकाजवळ बारा महिने तयार असलेली सबब आहे. लग्ने, बारशी, सत्कार यांतून तिने मला आजवर सुखरूप सोडवले. 2025 च्या जानेवारीत मुलीने 'कोल्डप्ले'च्या कार्यक्रमाचे नाव काढले तेव्हाही तीच ओठांवर आली.

तिकिटे दोन होती. आदल्या सप्टेंबरात ती आणि तिची मैत्रीण मोबाईल घेऊन तिकिटांच्या रांगेत बसल्या होत्या. घरात बसून लागायची ही नवी रांग. पुढे माणसे लाखांनी! शिकवण्यांचे साठवलेले पैसे मुलीने त्यात घातले. आणि आयत्या वेळी मैत्रीण टायफॉईडने आडवी झाली.

"बाबा, तुम्ही चला ना," मुलगी म्हणाली, आणि माझा चेहरा बघून लगेच, "नाही जमलं तर राहू दे."

ते 'राहू दे' मी पूर्वी ऐकले होते.

माझे गाव मुरबाड तालुक्यात, म्हशापासून दीड कोसावर. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांच्या दुकानांच्या ओळी, पाळणे आणि रात्री तमाशाच्या कनाती. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून मी हे सारे पाहिले. आबांना बैलांतले कळे, आणि ढोलकीतलेही. पुढे मी एम. ए.ला गेलो आणि मला तमाशाची लाज वाटू लागली. गंमत अशी, की त्याच वर्षी मी राम जोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्यांवर लांबलचक टिपण काढीत होतो! एका संध्याकाळी आबा डोक्याला मफलर गुंडाळून दारात उभे राहिले.

"येतोस का रे? फड चांगला आलाय."

"परीक्षा जवळ आली, आबा."

"बरं, राहू दे," म्हणून ते एकटेच अंधारात निघून गेले. पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही. लावणी मी अठरा वर्षे वर्गात शिकवतो आहे. आबांना जाऊन नऊ वर्षे झाली.

पेपरांचा गठ्ठा मी कपाटात टाकला.

18 जानेवारी, शनिवार. शहापूरहून आसनगाव, तिथून लोकलने ठाणे, गाडी बदलून नेरूळ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये शिरताना हाती एक मनगटपट्टा आला; जाताना परत करायचा, असे मुलीने बजावले. अंधार पडला आणि हजारो मनगटे एकदम पेटली. तांबडी झाली, निळी झाली. 'यलो' या 2000 सालच्या गाण्याला तर सारे मैदान हळदीचे! शेजारची पोरे शब्दन् शब्द म्हणत रडत होती. मला चारांतला एक शब्द कळत होता, आणि कानांचे पडदे शाबूत राहतात की नाही याची धास्ती होती.

मग तो गायक, ख्रिस मार्टिन, मोडक्या मराठीत बोलला. तुम्ही सगळे छान दिसता म्हणाला. टाळ्या अशा पडल्या, की मीही दोन वाजवल्या. पुढे कॅमेरा गर्दीतल्या एकेकावर थांबे आणि हा त्याच्यावर जागच्या जागी गाणे जुळवी. अहो, हे तर शीघ्रकवन! आणखी वर, बुमराहला इथे खेळायला यायचे आहे, तेव्हा आता आटपायला हवे, अशी थाप मारून त्याने मैदान हसवले. हा सोंगाड्या माझ्या चांगल्या ओळखीचा होता. कनातीतला कंदील तेवढा बदलला होता.

"आबांना आवडलं असतं!" मी मुलीच्या कानात ओरडलो.

"काय?"

"आबांना!"

तिला ऐकू गेले नाही. बरेच झाले, माझा आवाज ठिकाणावर नव्हता.

बाहेर पडताना पट्टे परत दिले. कसारा लोकलने टिटवाळा सोडले तेव्हा तिने विचारले, "मघाशी आबांचं काय म्हणत होता?" मी सांगू लागलो. खांद्यावर बसल्याचे सांगितले, मफलरचे सांगितले. परीक्षेचेही सांगितले, ते आजवर कुणाला सांगितले नव्हते. ती काही बोलली नाही.

आसनगावला कडाक्याची थंडी होती. मी मोटारसायकल काढली, ती मागे बसली.

"जत्रा उठली का हो?"

"नाही, आहे अजून."

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. मी किक मारली.