चांदीची कॅप्सूल

"दाढेत चांदी भरली" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं की डॉक्टरांनी सोनाराकडून तोळाभर आणून ठेवली असेल आणि तीच थोडी थोडी सगळ्यांना वाटत असतील. प्रत्यक्षात त्या "चांदी"त वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी चिमूटभर जस्त. हिचं खरं नाव अमाल्गम. पण "तुमच्या दाढेत पारा भरते हं" असं मी आजवर एकाही पेशंटला म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तो गळ्यातला टॉवेल घेऊनच पळाला असता.

ज्यांनी अशी चांदी भरून घेतली आहे त्यांनी जरा आठवून बघा. दाढ कोरून झाली, तोंडात कापूस कोंबला, आणि मग मागे कुठेतरी टर्रर्रर्र... असा आठ-दहा सेकंद आवाज झाला. मधमाशी डबीत अडकल्यासारखा. बहुतेकांना तो आवाज ड्रिलचाच भाऊबंद वाटतो आणि ते खुर्चीचे हात घट्ट धरतात. खरं तर तो अगदी निरुपद्रवी आवाज. तो असतो एका प्लास्टिकच्या कॅप्सूलचा, आणि आज मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. तिचं कौतुक कधी कुणी केलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

बोटाच्या पेराएवढी ही कॅप्सूल. आत एका बाजूला धातूंची बारीक भुकटी, दुसऱ्या बाजूला मोजून घातलेला पारा, आणि दोघांच्या मधे एक पातळ पडदा. दोन्ही टोकं दाबली किंवा पिळली की पडदा फुटतो. (काही कंपन्यांच्या कॅप्सूलना तेवढेही कष्ट नकोत, मशीनच्या हादऱ्यानेच पडदा फुटतो.) मग ती मशीनच्या चिमट्यात अडकवायची, झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. मशीन तिला मिनिटाला चार हजारांहून जास्त वेळा हिसडे देतं. काही कॅप्सूलमधे एक छोटी दांडीही असते, ती आतल्या आत बत्त्याचं काम करते. उघडली की आत चकचकीत, मऊसर गोळा तयार. वेळ कमी पडली तर तो भुसभुशीत आणि निस्तेज होतो, जास्त झाली तर पातळ होऊन कॅप्सूललाच चिकटतो आणि लवकर आवळतो. जमला तर मात्र ते बघण्यासारखं असतं. डॉक्टर तो थोडा थोडा दाबून दाढेत ठासतात, आकार देतात आणि "उद्यापर्यंत या बाजूने चावू नका" असं सांगून घरी पाठवतात.

एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीआधी काय होतं ते सांगितल्याशिवाय तिचं मोल कळायचं नाही.

बीडीएस झाल्यावर मी काही वर्षं तालुक्याच्या गावी एका जुन्या डॉक्टरांकडे काम केलं. तिथे एक मदतनीस होते, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा, म्हणून मीही मामाच म्हणत असे. चांदी घोटणं हे मामांचं काम. डॉक्टर फक्त "मामा, दाढ एक" एवढंच म्हणायचे. मामा काचेचा छोटा खल घ्यायचे, त्यात भुकटी टाकायचे, बाटलीतून पारा ओतायचे आणि काचेच्या बत्त्याने घोटायला लागायचे. पारा जरा सढळ हातानेच, कारण कमी पडला तर मिश्रण धरत नाही. घोटून झालं की तो लगदा मलमलच्या फडक्यात घ्यायचा आणि पिळायचा. श्रीखंडासाठी चक्का पिळतात ना, थेट तसाच! फडक्यातून पाऱ्याचे थेंब टपटप वाटीत पडायचे. मग उरलेला गोळा डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्याने मळायचा आणि त्याच्या छोट्या छोट्या गोळ्या करून ठेवायच्या. हातमोजे? ते डॉक्टरांसाठी होते.

मामांचा हात फार बसलेला होता. एका पेशंटची दाढ छोटी आणि दुसऱ्याची मोठी, हे त्यांना डॉक्टरांच्या आवाजावरून कळायचं. त्यांनी केलेली चांदी मी पुढे कितीतरी वर्षांनी पेशंटच्या तोंडात पाहिली आहे, काळी पडलेली पण कडेला एक फटसुद्धा नाही. हेही लिहायला हवं, कारण नवीन वस्तू आली की जुनं सगळं अडाणी होतं असं लिहायची आपल्याला खोड आहे.

मामांच्या बोटात एक अंगठी होती, लग्नातली. त्यांनीच सांगितलेली गोष्ट. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात ती पांढरी पडली. घरी बायकोला वाटलं, ह्यांनी सोन्याची विकून चांदीची केली! पारा सोन्याला लगेच धरतो, हे त्या बिचारीला काय माहीत. मामा सोनाराकडे गेले. सोनाराने अंगठी विस्तवावर धरली, पारा उडाला, अंगठी पुन्हा पिवळी. सगळे खूश. "मग त्या दिवसापासून अंगठी खिशात ठेवूनच घोटतो मॅडम," असं मामा हसत हसत सांगायचे.

मी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही हसले. पण त्यात दडलेलं बघा. अंगठीवरचा पारा उडाला म्हणजे गेला कुठे? सोनाराच्या नाकात. आणि अंगठी खिशात गेली, बोट मात्र होतं तिथेच राहिलं.

पाऱ्याची खोड अशी की तो पोटात गेला तर फारसा शोषला जात नाही, पण त्याची वाफ श्वासातून गेली की तिचा बराच मोठा भाग, सुमारे ऐंशी टक्के, शरीरात राहतो. वाफ व्हायला त्याला चूल लागत नाही, खोलीतल्या साध्या उष्णतेतही तो उडत राहतो. ना रंग ना वास. जमिनीवर थेंब सांडला आणि झाडूने लोटला की त्याचे शंभर थेंब होतात आणि फरशीच्या सांध्यात जाऊन बसतात. आमच्या त्या दवाखान्यात संध्याकाळी उन्हाची तिरीप आली की सांध्यांमधे रवाळ चकाकायचं. लहान मुलांना ते फार आवडायचं.

आता गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की दाढेतल्या पाऱ्यावरून जगात भांडणं कमी झालेली नाहीत. १८३३ मधे क्रॉकूर नावाच्या भावांनी हा प्रकार न्यूयॉर्कला नेला आणि झटपट, स्वस्तात दाढा भरायला सुरुवात केली. सोन्याचा वर्ख ठोकून दाढा भरणारे तिथले दंतवैद्य खवळले. १८४० मधे स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने पुढे सभासदांकडून चक्क शपथ लिहून घेतली की आम्ही अमाल्गम वापरणार नाही. त्या भांडणात संघटनाच १८५६ मधे मोडली, अमाल्गम राहिलं. मग १८९०च्या दशकात जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचं प्रमाण नीट बसवून दिलं आणि चांदी जगभर पसरली.

या सगळ्या वादात प्रश्न एकच होता: पेशंटच्या तोंडातल्या पाऱ्याचं काय? खल घेऊन मागे उभा असलेला माणूस त्या चित्रात पुष्कळ काळ नव्हताच. पेशंटला चांदी भरायची ती आयुष्यात दोन-चार वेळा. मामा दिवसाला दहा वेळा फडकं पिळत होते, आणि तेही वर्षानुवर्षं.

फडकं पिळणं बंद करायची वाट दाखवली ती विल्मर ईम्स यांनी १९५९ मधे. त्यांचं म्हणणं साधं होतं. आधी जास्त पारा घालायचा आणि मग पिळून काढायचा, हा उद्योग कशाला? पारा आणि भुकटी सुरुवातीलाच समसमान घ्या. पण सढळ हाताला समसमान कसं जमणार? त्याला काटेकोर मोजमाप पाहिजे आणि जोरकस घुसळण पाहिजे. म्हणजेच मशीन, आणि पुढे आधीच मोजून बंद केलेली कॅप्सूल. ईम्स यांच्या डोक्यात मुख्यतः भरणाची ताकद होती, कारण जास्तीचा पारा राहिला तर चांदी कमकुवत होते. मामांची बोटं वाचली ती त्या ओघात.

मधल्या काळात पुन्हा पुन्हा वापरायच्या कॅप्सूलही होत्या. पारा आणि भुकटी आपणच भरायची, झाकण दाबायचं आणि हलवायचं. झाकण सैल झालं की पाऱ्याचे सूक्ष्म शिंतोडे खोलीभर. पाऱ्याची बाटली दवाखान्यातच, सांडणंही तसंच. माझ्या मते खरी सुटका झाली ती बाटली दवाखान्यातून बाहेर गेली तेव्हा.

आपल्याकडे ती जायला वेळ लागला. कारण उघड आहे: भुकटी आणि पारा सुटा घेतला तर स्वस्त पडतो, कॅप्सूल महाग. शिवाय एकदा फोडली की छोट्या दाढेलाही अख्खी खर्ची पडते. आमचे जुने डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते म्हणायचे, "अगं, मामा आहेत ना, मग कॅप्सूलवर पैसे कशाला घालवायचे?" हे वाक्य मी कधी विसरले नाही. हिशेबात भुकटी होती, पारा होता, पेशंटला परवडणारी फी होती. मामांचा हात फुकट होता.

मामा आता सत्तरीच्या बरेच पुढे आहेत. मागे भेटले तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. हात थरथरतो. वयाने असेल, मधुमेह आहे त्याने असेल. पाऱ्याने हात कापतात हे पुस्तकात आहे, पण म्हणून मामांचा हात पाऱ्याने कापतो असं मी म्हणणार नाही. लघवीतला पारा मोजता येतो. मामांचा कधी कुणी मोजला नाही, एवढंच नक्की. मी विषय काढला तर म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, किती लोकांच्या दाढा चालतायत अजून."

पाऱ्याबद्दल जगाचे डोळे उघडले ते जपानमधल्या मिनामाताने. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांमधे गेला, माशांतून माणसांत, आणि १९५६ मधे तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला. तो पारा वेगळ्या रूपातला, दाढेतल्यासारखा नाही. पण २०१३ च्या मिनामाता करारात दाढेतल्या चांदीचाही समावेश झाला. ती कमी करण्यासाठी नऊ उपाय दिले होते आणि प्रत्येक देशाने त्यातले किमान दोन निवडायचे होते. त्या नऊमधे एक होता अमाल्गम फक्त कॅप्सूलमधलंच वापरणं. भारताने २०१८ मधे करार मान्य केला. युरोपीय संघाने २०१९ पासून फक्त कॅप्सूलमधलीच चांदी चालेल असं ठरवलं. २०२२ मधे करारात भर पडली, की दंतवैद्यांनी सुटा पारा वापरूच नये. म्हणजे मामांच्या बाटलीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली तेव्हा मामा निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती ते मोजा.

आणि आता कॅप्सूलचीही पाळी आली. युरोपीय संघात २०२५ च्या सुरुवातीपासून अमाल्गम, वैद्यकीय गरजेचा अपवाद सोडून, बंद झालं. नोव्हेंबर २०२५ मधे जिनिव्हाच्या बैठकीत करारातल्या देशांनी २०३४ पर्यंत ते जगभर थांबवायचं ठरवलं.

ही बातमी आल्यावर आमच्या आत्याचा फोन. "माझ्या चार दाढांत चांदी आहे, काढून टाकू का गं?" आत्या, आणि आत्यासारख्या सगळ्यांनाच सांगते: भरण शाबूत असेल, खाली कीड नसेल तर नुसत्या भीतीपोटी काढू नका. कोरून काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते, आणि चांगली दाढही थोडी जाते ती वेगळीच.

आता मी पांढरं भरण करते किंवा ग्लास आयोनोमर सिमेंट. हे सिमेंट लंडनमधे विल्सन आणि केंट यांनी शोधलं, त्यांचा निबंध १९७२ चा. तेही कॅप्सूलमधे मिळतं. भुकटी आणि द्रव, मधे पडदा, तेच मशीन, तोच टर्रर्र. फक्त हिला पुढे चोच असते, बंदुकीसारख्या पकडीत घालून थेट दाढेत सोडता येतं. पण खरं सांगू? हे सिमेंट मी बहुतेक वेळा कागदाच्या पॅडवर हातानेच कालवते. त्यात पारा नाही. कॅप्सूल घेतली तर प्रमाण अचूक येतं हे मान्य, पण दर दाढेमागे प्लास्टिकचा एक डबा फेकायचा हे मला पटत नाही. जिथे वीज नाही अशा ठिकाणीही हाताने कालवलेल्या या सिमेंटने लाखो दाढा वाचवल्या आहेत. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीने सोय केली आणि दुसरीने माणूस वाचवला.

माझ्या दवाखान्यात शेवटची चांदीची कॅप्सूल फुटली त्याला बरीच वर्षं झाली. रिकाम्या कॅप्सूल मात्र अजून आहेत. त्यात थोडा पारा चिकटून राहतोच, म्हणून त्या साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. दवाखान्याच्या जाळायच्या कचऱ्यात तर मुळीच नाही, कारण जाळल्या की पारा पुन्हा हवेत. पाऱ्याचा कचरा रीतसर घेणारा माणूस आमच्या गावापर्यंत येत नाही. म्हणून घट्ट झाकणाची एक लोणच्याची बरणी, वर लाल पेनाने "हात लावू नये", आणि ती कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं आहे, तिथे एकजण घेतो असं कळलंय. बरणी मी स्वतःच घेऊन जाणार आहे. कामाला येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, मी देऊन येते की." नको म्हटलं.