निळ्या पाणघोड्याचा नंबर

दोस्तांनो, पाणघोडा कुठल्या रंगाचा असतो? "करडा!" असंच म्हणाल ना? मग चला माझ्याबरोबर न्यूयॉर्कला. सेंट्रल पार्कच्या कडेला मेट्रोपॉलिटन म्युझियम आहे. भल्यामोठ्या पायऱ्या चढून आत गेलात की उजव्या हाताला वळा. इथून इजिप्तची दालनं सुरू होतात. तिथल्या एका काचेच्या पेटीत एक पाणघोडा उभा आहे. लांबी जेमतेम २० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीएवढी. आणि रंग? चक्क निळा! नदीत राहणारा म्हणून अंगावर कमळं काढलेली. लाडानं सगळे त्याला 'विल्यम' म्हणतात.

सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी तो घडवला गेला. तो मातीचा नाही हं! गारगोटीची पूड, थोडा चुना आणि क्षार कालवून केलेल्या या पदार्थाला 'फायन्स' म्हणतात. त्यात तांबं असलं, की भट्टीत भाजल्यावर निळी चकाकी येते. मेइर इथल्या सेनबी नावाच्या माणसाच्या थडग्यात हा सापडला. खरा पाणघोडा नाइल नदीत होड्या उलथवायचा. परलोकात यानं मालकाला त्रास देऊ नये म्हणून त्याचे तीन पाय मुद्दाम तोडले होते, असं अभ्यासक सांगतात. आज दिसतात ते पाय नंतर बसवलेले!

आता त्याचा नंबर पाहा : १७.९.१. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जसा तुमचा नंबर, तसाच हा. १७ म्हणजे १९१७ साली आला, ९ म्हणजे त्या वर्षी आलेला नववा गट, अन् १ म्हणजे त्यातली पहिली वस्तू.

पूर्वी अशा नोंदी वह्यांत आणि कार्डांवर असत. आपल्यापर्यंत कुठल्या यायला? ७ फेब्रुवारी २०१७ला या म्युझियमनं पावणेचार लाखांहून जास्त छायाचित्रं इंटरनेटवर सगळ्यांना खुली केली, वस्तूंच्या नोंदीही. ना फी, ना परवानगी. विल्यमचं चित्र तुमच्या हस्तलिखितात चिकटवलंत तरी कुणी रागावणार नाही!

पण एक गंमत आहे. त्या खुल्या तक्त्यात साल, मापं, साहित्य, देणगीदार यांचे रकाने आहेत. रंगाचा रकानाच नाही! विल्यमच्या साहित्यापुढे फक्त 'फायन्स'. म्हणजे तक्त्यात नुसता 'निळा' शब्द शोधत बसलात, तर हा निळाशार पाणघोडा मागेच राहू शकतो. फायन्स म्हणजे काय हे ठाऊक असेल, त्याला तो सापडेल. आणि सेनबीचं नाव नोंदीत आहे, पण पाणघोडा घडवणाऱ्या कारागिराचं नाही. ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

म्हणून या सुट्टीत घरातल्या दहा जुन्या वस्तूंचं रजिस्टर करा. आजीचा तांब्या, पानाचा डबा, काहीही. नंबर द्या. कशाची आहे, कुणी आणली, कुणी घडवली, हे आजीला विचारा. तिला आठवतंय तोवर लिहून घ्या. आणि हो, रंगाचा रकाना विसरू नका!