वा! छान!

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं जे लोक सांगतात त्यांना स्वतःला बहुधा छंद नसतो. ज्यांना असतो, त्यांना असलं काही सांगायला वेळ नसतो. मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी छंद लागला. 'लागला' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. ठेच लागते, उचकी लागते, तसाच तो लागला.

झालं असं, की चिरंजीव शिकायला पुण्याला गेले आणि जाताना जुना लॅपटॉप घरी ठेवून गेले. त्यात 'ब्लेंडर' नावाची एक वस्तू होती. आमची ही म्हणाली, "घरात मिक्सर असताना ब्लेंडर कशाला?" मी तिला समजावलं, की हा ब्लेंडर चटणीचा नव्हे; कॉम्प्युटरवर हलती-चालती चित्रं करायचा. ती म्हणाली, "म्हणजे चटणीसुद्धा होत नाही!" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

हे ब्लेंडर फुकट मिळतं. मी पडलो बी.कॉम.; फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो. म्हणून त्याचा पूर्वेतिहास तपासला. टॉन रोझेनडाल नावाच्या एका डच गृहस्थांनी १९९४ च्या सुमारास ते सुरू केलं. पुढे २००२ साली कंपनीचा गाशा गुंडाळायची वेळ आली. पैसे घातलेली मंडळी म्हणाली, एक लाख युरो द्या आणि तुमचं ब्लेंडर घेऊन जा. गृहस्थांनी जगभरच्या हौशी लोकांकडे वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत ती जमा झाली! त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ब्लेंडर सगळ्यांना मोकळं झालं. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतकी तत्पर वसुली मी पाहिलेली नाही. त्या दिवसापासून माझा संशय गेला आणि त्या जागी भक्ती आली.

ब्लेंडर उघडलं की पडद्याच्या मधोमध एक करडा ठोकळा दिसतो. शिकाऊ माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर तो ठोकळा खोडून टाकतो. शाखेत नवा मॅनेजर आला की आधीच्या मॅनेजरने लावलेली टेबलं हलवतो, तसंच हे. त्यानंतर पहिला धडा म्हणून बहुतेक जण डोनट नावाचा गोड पदार्थ बनवतात. आमच्यातल्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी त्यावरची साखर पुसून, रंग तांबूस करून त्याचा मेदूवडा केला आणि शेजारी चटणीची वाटी ठेवली. (आमच्या हिला दाखवायला मी ते चित्र मुद्दाम घरी आणलं. चटणी अखेर झाली!)

'आमच्यातल्या' म्हणजे आमच्या मंडळातल्या. नाशकात आम्ही सात जण आहोत. दर रविवारी सकाळी साडेनऊला एका दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतो, कारण रविवारी दवाखाना बंद असतो आणि खुर्च्या मोकळ्या असतात. मंडळाला अजून नाव नाही. नावावर तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत नावाशिवायच चालू ठेवायचं ठरलं. डॉक्टर स्वतः हातपाय असलेली दाढ नाचवतात. एक बी.एस्सी.ची मुलगी आहे. मंडळात खरं ज्ञान तिला एकटीलाच असल्यामुळे तिचं कुणी ऐकत नाही. मी स्वतः दोन वर्षं एक रबरी शिक्का नाचवतोय. १९८६ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीने एक टेबललॅम्प असा उड्या मारत नाचवला, की जगाने तोंडात बोट घातलं. लॅम्प नाचू शकतो तर शिक्का का नाही, हा माझा साधा हिशेब.

आणि शेवटी आपण नाशिककर. दादासाहेब फाळके इथल्याच त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते रोप बघता बघता भराभर वाढलं. १९१५ मध्ये तर त्यांनी आगकाड्या हलवून पडद्यावर त्यांची मौज दाखवली. म्हणजे हा उद्योग आमच्या पाण्यातच आहे. त्यात २०२५ साली 'फ्लो' नावाच्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. त्यात एक मांजर आहे, कुणी एक शब्द बोलत नाही, आणि सगळा चित्रपट आमच्याच त्या फुकटच्या ब्लेंडरमध्ये केलेला. दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस, मुक्काम लॅटव्हिया. आम्ही दवाखान्यात पेढे वाटले. लॅटव्हिया कुठे आहे ते पेढे खाऊन झाल्यावर नकाशात पाहिलं.

अशा या मंडळात माझं काम एकच. उत्तेजन देणं. कुणी काही दाखवलं, की मी म्हणतो, "वा! छान!" दाढ नाचली, वा! छान! मेदूवडा गरगर फिरला, वा! छान! हौशी माणसाला पगार नसतो, बढती नसते, बोनस नसतो. निदान 'छान' तरी मिळावं, अशी माझी प्रामाणिक भावना. शिवाय त्यात खर्च नाही. तेवीस वर्षं काउंटरवर बसून, समोरच्याकडे न बघता 'हो हो, झालंच' म्हणायची जिभेला सवय झाली आहे. आता आम्हाला कारकून म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात; पण जीभ जुनीच आहे.

आमचे एक सभासद एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. आम्ही त्यांना काका म्हणतो. माणूस अबोल. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी पेनड्राइव्ह काढणार, दाखवणार आणि परत खिशात ठेवणार. एका रविवारी त्यांचं दाखवून झालं आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "वा! छान! गेल्या आठवड्यापेक्षा पुष्कळच सुधारणा आहे."

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, हे गेल्या आठवड्याचंच आहे. चुकून तीच फाईल लागली."

सगळे हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चार रविवार गेले. मग एका मंगळवारी ते माझ्या काउंटरवर उभे राहिले. पासबुक भरून हवं होतं. मशीन अर्थातच बंद होतं.

"काका, रविवारी दिसत नाही तुम्ही?"

"सोडलं ते."

"का हो? छान चाललं होतं की!"

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं गाडीत ओरडलो, पुढे सरका, पुढे जागा आहे. पुढे जागा आहे का नाही, ते मान वर करून कधी बघितलं नाही. तुमचं ते 'छान' ऐकलं, की मला माझाच आवाज ऐकू येतो."

मागे रांग होती. रांगेतल्या कुणीतरी "चला हो लवकर" म्हटलं. मी एवढंच म्हणालो, "संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन घरी या. या वेळी बघतो."

काका आले. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. चित्र बारा सेकंदांचं. अंगण, तुळशी वृंदावन, एक बाई तांब्या घेऊन येते, पाणी घालते, हात जोडते. बस्स. गेले सहा महिने मी हेच बघत होतो आणि ती बाई आहे हेसुद्धा मला नीटसं ठाऊक नव्हतं. बारा सेकंद म्हणजे सेकंदाला चोवीस या हिशेबाने दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रं. आमच्या मंडळींच्या कॉम्प्युटरवर एक चित्र पक्कं व्हायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे चौदाशे चाळीस मिनिटं. म्हणजे बरोबर एक दिवस आणि एक रात्र. आणि त्यावर मी अर्ध्या सेकंदात 'छान' म्हणून मोकळा होत होतो! डेबिट-क्रेडिटचा इतका मोठा फरक घेऊन बँकेत मला घरी जाऊ दिलं नसतं.

मी ती बारा सेकंदं अकरा वेळा पाहिली. पहिल्या चार वेळा 'छान' अगदी जिभेच्या टोकावर आलं, ते मी गिळलं. पाचव्या वेळी काहीतरी खटकू लागलं. नवव्या वेळी कळलं.

"काका, तांब्यात पाणी आहे का?"

"आहे की. आत निळं दिलंय."

"ते डोळ्याला दिसतंय. पण हाताला कळत नाहीये."

कॉम्प्युटरमधल्या दुनियेत कशालाच वजन नसतं. तिथे हत्ती आणि पीस सारखेच उचलले जातात. वजन आपण द्यायचं असतं. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेकडच्या दोन जुन्याजाणत्या कलावंतांनी १९८१ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात या कलेची बारा तत्त्वं सांगितली आहेत. त्यातलं एक टायमिंग. तांब्या खालून वर सहा चित्रांत आला तर रिकामा, चौदा चित्रांत आला तर भरलेला. आमच्या मंडळातल्या सगळ्यांना हे तोंडपाठ आहे. तोंडपाठ गोष्टी हातात उतरत नाहीत, एवढीच अडचण.

मी उठलो आणि त्यांना नाण्यांची पिशवी उचलून दाखवली. म्हणजे पिशवी नव्हतीच. पण कॅशमध्ये असताना ती इतक्या वेळा उचलली आहे, की ती नसतानाही माझी कंबर दुखली. आधी अंग उलट्या बाजूला कलतं, मग हात ताणला जातो, आणि मग पिशवी हलते. काकांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "बरोबर! सकाळी चामड्याची बॅग रिकामी असली की आम्ही ताठ. संध्याकाळी सुट्टे पैसे भरले की हा खांदा खाली. कुठल्या फेरीचा कंडक्टर आहे, हे खांद्यावरून सांगावं!"

इतक्यात आमची ही चहा घेऊन आली. तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "ही बाई एका हाताने कसा नेतेय भरला तांब्या? खालून दुसरा हात लागतोच." ती तशीच आत गेली, तांब्या भरून घेऊन आली आणि गॅलरीतल्या कुंडीपाशी उभी राहिली. काकांनी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. "आणि पाणी घालताना बाई तांब्याकडे बघत नाही, तुळशीकडे बघते," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला तिने पदर सारखा केला. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, "चांगली साडी नेसून येऊ का?"

माझ्या मनात मात्र आणखी एक गोष्ट होती. म्हटलं, "काका, एक सांगू? बाकी सगळं कच्चं आहे. पण वृंदावनाची ती खालची पायरी... ती खरोखर ओली आहे. हात लावावासा वाटतो. ती कशी काय जमली?"

"दगडाचा खरखरीतपणा कमी केला, चकाकी वाढवली. कितीतरी रात्री तेवढंच करत होतो." काका थांबले. "तेवढंच ठाऊक होतं ना."

"म्हणजे?"

"आमची मंडळी जाऊन तीन वर्षं झाली. रोज तुळशीला पाणी घालायची. पण मला साडेचारची ड्यूटी. पहिली फेरी करून साडेआठला चहाला घरी डोकवायचो, तेव्हा पायरी ओली असायची. तिला पाणी घालताना मी एकदासुद्धा पाहिलं नाही, ताई. म्हणून म्हटलं, आता करून बघावं."

हिने तांब्या हळूच खाली ठेवला. चहा निवला. तो पुन्हा गरम करायला ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या रात्री मला फाळक्यांच्या सरस्वतीबाई आठवल्या. नवऱ्याच्या सिनेमासाठी त्यांचे दागिने गहाण पडले. तारण कर्जाच्या काउंटरवर मी वर्षभर काढलं आहे. अंगावरचा दागिना तराजूत ठेवताना बाईचा हात कसा होतो, ते मला ठाऊक आहे. नुसतं 'वा! छान!' म्हणून भागण्यासारखं असतं, तर त्या माउलीने ते नक्कीच म्हटलं असतं आणि पाटल्या हातात ठेवल्या असत्या. उत्तेजन द्यायचं म्हणजे आपल्या खात्यातून काहीतरी खर्ची पडावं लागतं. माझ्याकडे दागिने नाहीत. पण अकरा गुणिले बारा, म्हणजे एकशे बत्तीस सेकंद होती. ती मी सहा महिने मुदत ठेवीत टाकल्यासारखी धरून बसलो होतो.

दीड महिन्याने काका मंडळात आले. त्या रविवारी आमची हीही आली, तांत्रिक सल्लागार म्हणून, चांगली साडी नेसून. दवाखान्यातले दिवे बंद केले. बाई आली. खालून दुसरा हात होता. खांदा किंचित कलला होता. तिने तांब्या उचलला, तेव्हा तो इतका जड होता, की डॉक्टरांचा हात आपोआप मदतीला पुढे झाला. पाणी घालताना ती तुळशीकडे बघत होती. पायरी ओली झाली.

कुणीच 'छान' म्हणालं नाही. बी.एस्सी.च्या मुलीने हळूच सांगितलं, "काका, डावा पाय जरासा सरकतोय." आणि या वेळी सगळ्यांनी तिचं ऐकलं. काकांनी वही काढून ते लिहून घेतलं. मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी शिक्का नाचवून दाखवला. काकांनी तो पाच वेळा लावायला सांगितला. तिकिटं मोजावीत तसे ते एकेक उडी मोजत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, शिक्का उडतो झकास. पण कागदावर उमटत नाही."

मी बघितलं. खरंच की! दोन वर्षं शिक्का नुसताच उड्या मारत होता.

सध्या तो उमटवण्याच्या मागे आहे.