सायकलीचे बिऱ्हाड

सायकल ही तशी गरीब स्वभावाची वस्तू. तिला पेट्रोल लागत नाही आणि जिन्याखालच्या दीड हात जागेत ती बिनतक्रार राहते. माणसाला बुडवते ते तिच्यामागून येणारे बिऱ्हाड! हेल्मेट, हातमोजे, दिवे, पंप, कुलूप, पाण्याची बाटली, बाटलीला अडकवायचे घर, आणि बसायच्या जागी गादी शिवलेली विजार. एवढे सगळे बांधून झाले तरी दुकानदार विचारतोच, "साहेब, गॉगल नको?"

आमच्याकडे हे बिऱ्हाड आले ते मुलीच्या कॉलेजप्रवेशाबरोबर. कॉलेज घरापासून साडेसहा किलोमीटर. तिने स्कूटर मागितली असती तर मी पगाराचे कारण पुढे केले असते. तिने सायकल मागितली, आणि माझ्याजवळ कारणच उरले नाही. तिच्या आईजवळ मात्र होते. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. माझे वडील बिल्ला लावलेल्या सायकलीवरून कचेरीत जात आणि त्या काळी दिव्याविना सायकल दिसली की पोलीस अडवी. आज त्याच रस्त्यावर बस, डंपर आणि उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या यांच्यामधून पोरीने वाट काढायची! सौ.ने एकच वाक्य सांगितले. "अहो, पैसे वाचवायचे तर माझ्या साडीत वाचवा, ब्रेकमध्ये नको."

या वाक्याने माझी खरेदी फार सोपी केली. जिवाशी गाठ असलेल्या वस्तू एका ढिगात आणि बाकीच्या दुसऱ्या. पहिल्या ढिगात घासाघीस नाही, दुसऱ्यात दयामाया नाही.

हेल्मेट पहिल्या ढिगातले. ते जुने घेऊ नये, मग ते देणारा सख्खा मावसभाऊ का असेना. आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या आपटीला उपयोगी पडत नाही, आणि बाहेरून तडा दिसेलच असे नाही. आतल्या चिठ्ठीवर 'ईएन १०७८' हा युरोपीय मानकाचा आकडा आम्ही पाहून घेतला. तो असला की पुढचे जादा पैसे बहुधा वजन कमी करण्याचे आणि झरोके वाढवण्याचे असतात. डोके हलवून पाहावे. हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर नव्हे. दुसरी वस्तू ब्रेकची रबरे. सगळ्या सायकलीत याहून स्वस्त आणि याहून मोलाचे काही नाही. ती झिजायच्या आधी कडक होतात, काचेसारखी चमकू लागतात, आणि मग नुसती किंचाळतात. चाकाची कडा चकचकीत पोलादी असली तर पावसात ब्रेक निम्म्या मनानेच लागतो, म्हणून आम्ही ॲल्युमिनियमच्या कडांची सायकल घेतली. दिवेही याच ढिगात: पुढे पांढरा, मागे तांबडा.

दुसऱ्या ढिगातली गादीची विजार आम्ही घेतलीच नाही. साडेसहा किलोमीटरला सलवार पुरते; फक्त ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि चेनवर झाकण हवे. खास सायकलस्वारांचा रेनकोट फार महाग निघाला, तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून जुन्या रेनकोटच्या पाठीवर आणि बाह्यांवर चमकणारी पट्टी शिवून घेतली. रात्री ती विकतच्याइतकीच चमकते.

आता हत्यारे. इथे मध्यमवर्गीय माणसाला मोह पडतो तो चाळीस नगांच्या पेटीचा. पेटी दिसते सुंदर, पण त्यातली बरीचशी हत्यारे आपल्या सायकलीला लागतच नाहीत, आणि जी लागतात ती मऊ लोखंडाची निघाली तर नटाचे कोपरे गोल करून ठेवतात. त्यापेक्षा एकेक घ्यावे. नाशिकच्या टपारिया कंपनीच्या एलन-किल्ल्या (आमच्या सायकलीला ४, ५ आणि ६ मिलिमीटर लागतात), पेडलसाठी १५ मिलिमीटरचा चपटा पान्हा, टायर उचलायच्या दोन पट्ट्या, ठिगळे, सोल्यूशन आणि चांगला पंप. चपटा पान्हा मला जुन्या बाजारात मिळाला. तिथे पान्ह्याचा जबडा पसरलेला नाही ना, एवढे पाहावे. टायर मात्र तिथे घेऊ नये.

टायरवरून आठवले. शेजारच्या गृहस्थांनी 'सव्वीस इंची' म्हणून टायर आणला आणि तो बसेचना. रविवारची सकाळ त्यात गेली. सव्वीस इंची टायर एकाच मापाचे नसतात, हे आमच्या मिस्त्रींनी त्यांना सांगितले. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात जोडआकडा असतो, ३७-५९० किंवा ५०-५५९ असा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा टायर जिथे बसतो त्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे.

या मिस्त्रींकडून मुलीने पाच-सहा रविवारी जे उचलले, ते कोणत्याही पेटीत मिळाले नसते. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते; ते सोडवायला पान्हा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, नाहीतर ते आणखी घट्ट होते. तेल चेनच्या प्रत्येक रुळावर एकेक थेंब, आणि मग वरचे सगळे फडक्याने पुसून काढायचे; वर राहिलेले तेल फक्त धूळ जमवते. चेनची झीज मोजायचे यंत्र विकत मिळते. मिस्त्री पोलादी फूटपट्टी लावतात. एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस टप्प्यांना बरोबर बारा इंच. खिळी एक सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलावी. एक अष्टमांश गेली तर बहुधा दातेही गेलेले असतात आणि खर्च दुपटीवर जातो.

गेल्या ऑगस्टमधली एक संध्याकाळ. पाऊस कोसळत होता, साडेसात वाजून गेले होते आणि पोरीचा फोन लागत नव्हता. सौ. गॅलरीतून आत यायला तयार नव्हती आणि मी तिच्या शेजारी उगीचच पंचांग चाळत उभा होतो. सव्वाआठला फाटकाशी ती चमकणारी पट्टी दिसली.

एका बंद दुकानाच्या छपराखाली बसून तिने पंक्चर काढले होते. हात कोपरापर्यंत काळे. कागदाच्या पुडीतून तिने काचेचा एक तुकडा काढून आईपुढे धरला.

"आई, टायरच्या आतून बोटं फिरवून आधी हा शोधला. हा आत राहिला असता तर लावलेलं ठिगळ घरापर्यंत टिकलं नसतं."

सौ. काही बोलली नाही. तिने तिच्या हातांवर गोडे तेल आणि मूठभर साखर ओतली व स्वतःच चोळू लागली. वंगणाचा तसला काळा साबणाने निघत नाही, याने निघतो.