भाच्याच्या आयसीची ऑर्डर

आमचे दाजी मानवतला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करीत. पाच-सहा महिन्यांतून एकदा ते रात्रीच्या गाडीने मुंबईला जात, ग्रँट रोडला उतरत आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर दुकाने पालथी घालत. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले, तरी बाजारात लॅमिंग्टन रोडच म्हणतात. खिशात नंबरांची चिठ्ठी असे. काउंटरवरचा माणूस चिठ्ठी बघून म्हणे, "हा नाही, पण हा चालेल." दुसऱ्या दिवशी दाजी पिशवीभर ट्रान्झिस्टर घेऊन परत. तिथेच फुटपाथवर त्यांना नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचे जाडजूड जुने डेटाबुक मिळाले. अक्काने त्याला खाकी पुठ्ठा घातला. इंग्रजी फारसे येत नसूनही आकृत्या पाहून दाजी त्यातले बरोबर काढीत.

दाजी गेले. भाचा आयटीआय करून त्याच खोलीत बसतो. आता टेपरेकॉर्डर कोण आणतो? स्टॅबिलायझर, पंख्याचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर अशी कामे येतात. माल ऑनलाइन मागवायचा. मोठ्या विक्रेत्यांनी छापील कॅटलॉग केव्हाच बंद केले. अडचण आली की तो मला फोन करतो, "मामा, तुमच्या मोबाईलवरून तेवढी ऑर्डर टाका." मी कारकून माणूस, बीकॉम. बिल, जीएसटी, पार्सलचा खर्च एवढे मला कळते. त्या आयसीच्या पोटात काय चालते, ते नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका मेडिकलवाल्यांचा स्टॅबिलायझर आला. फ्रिजमध्ये इन्शुलिन, आणि मानवतची वीज तुम्हाला सांगायला नको. आतली एलएम 324 नावाची आयसी जळाली होती. भाच्याने नंबर सांगितला आणि मी शोधायला बसलो. डेटाबुक उघडून कंपनीचे नाव टाकले, तर त्या नावाने विकणारा कोणी नाही. 2011 साली नॅशनल सेमीकंडक्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, हे मला तेव्हा समजले. फिलिप्सच्या आयसींचेही तसेच. 2006 पासून तो कारखाना एनएक्सपी या नावाने चालतो. पुस्तकावरची नावे गेली, नंबर मात्र राहिले. नुसता नंबर टाकल्यावर पन्नासेक ओळी आल्या. एलएम 324 एन, एलएम 324 डी, एलएम 324 डीआर, प्रत्येकाचा भाव निराळा.

ऑफिसात तीन कोटेशने मागवून सर्वांत कमी दर मंजूर करायचा, ही वीस वर्षांची सवय. मी सर्वांत स्वस्त ओळीवर बोट ठेवले. दहा नगांचे नव्वद रुपये, पार्सलचे साठ. भाच्याला विचारलेसुद्धा नाही. उलट एका आयसीपेक्षा पार्सल महाग पडते, तेव्हा दहा घेतल्या, म्हणून स्वतःवर खूष होतो.

चौथ्या दिवशी पाकीट आले. भाच्याने उघडले आणि काहीच बोलला नाही. आत मसुराच्या डाळीएवढ्या चपट्या आयसी. बोर्डावर जुन्या तऱ्हेची भोके, पाय 2.54 मिलिमीटर अंतरावर. या नव्या आयसीचे पाय बरोबर निम्म्या अंतरावर, 1.27 मिलिमीटर, आणि भोकात न घालता तांब्याच्या पट्टीवर चिकटवायचे. आत माल तोच, पण अंग वेगळे. नंबरामागचे ते डीआर म्हणजे चपट्या अंगाची, रिळावर गुंडाळून येणारी. भोकात बसणारी हवी, तर एन. दोन अक्षरांनी घात केला. माल परत घेत नाहीत, कारण चूक आमचीच. त्या काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठी बघून विचारले असते, "पायवाली हवी ना रे?" मोबाईल विचारत नाही.

मेडिकलवाले संध्याकाळी दारात उभे. चार दिवस त्यांनी औषधे बर्फाच्या डब्यात ठेवली होती. भाच्याने भंगारातला एक मेलेला स्टॅबिलायझर फोडला, त्यातली आयसी उपसून यांच्यात बसवली आणि रात्री नऊला काम दिले. पैसे निम्मेच घेतले. मला मात्र एक शब्दही टाकून बोलला नाही, आणि तेच जास्त लागले.

रविवारी मी ऑफिसातल्या आवक-जावकसारखे रजिस्टर आखून मानवतला गेलो. पूर्ण नंबर मागच्या अक्षरांसह, पायांची संख्या, भोकातली की चपटी, किती व्होल्ट, कोणाकडून, बिलाची तारीख. भाचा सांगत गेला, मी लिहीत गेलो. रिले दिसायला सगळे सारखे, साखरेच्या खड्यासारखे. पण कॉइल पाच व्होल्टची, बाराची की चोवीसची हे बघायचे. कपॅसिटरवर 104 लिहिले असेल, तर दहावर चार शून्ये, म्हणजे एक लाख पिकोफॅरड. हाच माल कोणी 0.1 मायक्रोफॅरड लिहितो, कोणी 100 नॅनोफॅरड. तिन्ही तऱ्हांनी शोधायचा. मोठ्या कपॅसिटरची उंचीही मोजायची, नाहीतर डब्याचे झाकण बसत नाही. हिशेब तपासताना मी तारीख आणि सही पाहतो, तसे हे!

चहा देताना अक्का म्हणाली, "तुझे दाजी हे सगळे तोंडपाठ ठेवायचे." मग तिने जुन्या डेटाबुकाचा खाकी पुठ्ठा काढून या रजिस्टरला घातला. थोडा आखूड पडला.

त्या दहा चपट्या आयसींपैकी सहा संपल्या. दहा-दहा रुपयांच्या छोट्या पट्ट्या मिळतात. त्यांवर चपटी आयसी डाग देऊन बसवली, की ती जुन्या भोकांत जाते. भिंग लावून हे काम भाचा करतो. चार अजून डबीत आहेत. परवा त्याचा फोन आला, बारा व्होल्टचे रिले हवे आहेत, वीस नग. मी म्हटले, "आधी रजिस्टर बघून पूर्ण नंबर वाच." त्याने वाचला. मी त्याला दुसऱ्यांदा वाचायला लावला.