खानगी शाळा: इतवाऱ्यापासून लातूरपर्यंत

मराठवाड्यातली जुनी माणसं अजूनही 'खाजगी' न म्हणता 'खानगी' म्हणतात. उर्दूत खाना म्हणजे घर. दवाखाना, कुतुबखाना यांतला तोच हा खाना. खानगी म्हणजे घरचं, घरगुती. निजामाच्या काळात सरकारी कागदांत बिनसरकारी शाळांना 'खानगी मदारिस' असंच नाव होतं. आज खाजगी शाळा म्हटलं की टाय, बूट आणि दारात उभी पिवळी बस डोळ्यांसमोर येते. मी ज्या शाळेत शिकले ती जुन्या अर्थाने खानगी होती.

नांदेडच्या इतवारा भागात, एका दुकानाच्या माडीवर तीन खोल्या आणि मागे पत्र्याचं शेड, एवढीच ती शाळा. उर्दू माध्यम, पहिली ते दहावी. पोरं सगळी मिळून दोनशेच्या आत. 1986 साली मी पहिलीत गेले आणि 1996 साली दहावी करून बाहेर पडले. वडील लोक मिलमध्ये, हमालीत, रिक्षावर. काहींची बांगड्यांची, अत्तराची छोटी दुकानं. उस्मानशाही मिलचा पगार झाला की शाळेत फी जमायची. पगार लांबला की फीही लांबायची, आणि त्याबद्दल वर्गात कुणी कुणाला उभं करत नसे. जुम्म्याला अर्धी शाळा, रमजानमध्ये सकाळची. मैदान नव्हतं. प्रयोगशाळा नव्हती. ऑक्सिजन कसा तयार करतात हे आम्ही फळ्यावरच्या चित्रातून शिकलो. ती चंबू, ती नळी मी प्रत्यक्षात पाहिली ती थेट अकरावीत, तेव्हा माझ्या शेजारच्या मुली सफाईने परीक्षानळी तापवत होत्या आणि मी ती धरायची कशी हे बघत होते. शाळेच्या आठवणी गोड असतात म्हणून हे लपवायचं कारण नाही.

पण दोन दिवस कुणी आलं नाही की हेडमास्तर साहेब मधल्या सुट्टीत एखाद्या मुलाला घरी पाठवत. तो दारातून ओरडे, "कायकू नै आया रे? साब पूछ रहें." तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः येत. माझी मोठी बहीण सातवीनंतर घरी बसली, ती दुसऱ्या मोहल्ल्यातल्या शाळेत होती आणि तिच्यासाठी कुणी आलं नाही. माझ्या वेळी सातवीच्या निकालानंतर साहेब संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा घेतला, अब्बांच्या दमाच्या औषधाची चौकशी केली आणि उठताना एवढंच म्हणाले, "बच्ची सोमवार को आठवीं में बैठेगी." अब्बा 'जी' म्हणाले. माझ्या शिक्षणाबद्दल आमच्या घरात झालेली चर्चा ती एवढीच. दहावीला आम्ही एकोणीस जण होतो, त्यांत सात मुली. या सातांपैकी किती जणींच्या ओसरीवर असा चहा झाला होता, ते पुढे एकमेकींना विचारल्यावर कळलं. पाच.

मराठीचे सर लोह्याकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येत. उर्दू लिपीत ण नाही, ळ नाही. आमच्या जिभेवरही नव्हते. सर रोज सकाळी 'कमळ, बाळ, काळा, पाणी, लोणी' असं सामुदायिक वदवून घेत आणि खाली दुकानदार हसत. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी बालभारतीचं मराठीचं पुस्तक सोपं असतं. सरांना ते पुरत नसे, म्हणून ते एसटीत वाचलेलं वर्तमानपत्र वर्गात आणत आणि प्रत्येकाकडून एक बातमी मोठ्याने वाचून घेत. पीकविमा, धरणाची पातळी, झेडपीची निवडणूक. बदल्यात त्यांनी उर्दूच्या बाजींकडून अलिफ-बे शिकून घेतलं. दोन वर्षांत ते इतवाऱ्यातल्या दुकानांच्या उर्दू पाट्या वाचू लागले. आज मी या मासिकासाठी मराठीत लिहिते, ती मराठी त्या वर्तमानपत्राची आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे नांदेडलाही जमीन हलली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालं होतं. लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी, सास्तूर ही नावं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मोठ्या शाळांनी ट्रक पाठवले. आमच्याकडे ट्रक नव्हता. मुलांनी घरून ज्वारी, चादरी, जुन्या साड्या आणल्या. सरांनी मराठीच्या तासाला आमच्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि प्रत्येक गाठोड्यात एक घातली. ती गाठोडी लातूरकडे जाणाऱ्या एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टरने तिकीट घेतलं नाही. कुणाच्या हाती पडली, ठाऊक नाही.

आता एक गोष्ट, जी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कुणी बोलत नाही. ती शाळा चालत होती ती शिक्षकांच्या न मिळालेल्या पगारावर. विनाअनुदानित म्हणजे काय हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. उर्दूच्या बाजींना महिना दोनशे रुपये मिळत, तेही सुट्टीत नाहीत. गणिताचे सर पहाटे दूध वाटत आणि दुपारनंतर रॉकेलच्या दुकानात बसत. याला सगळे 'खिदमत' म्हणत. शब्द मोठा आहे, पण किराणावाला तो घेत नाही. पुढे 2001 साली राज्यात नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानग्या मिळू लागल्या, 2009 साली त्यातला 'कायम' हा शब्द काढला, आणि 20 टक्के अनुदानाचा पहिला टप्पा द्यायला 2016 उजाडलं. मी स्वतः बी.एड. करून शिक्षिका झाले तेव्हा स्टाफरूममध्ये अशी माणसं भेटली, ज्यांचं लग्न, मुलं, केस पांढरे होणं, सगळं बिनपगारी झालं. शाळा घरासारखी असावी हे खरं. पण घरचं काम म्हणून पगार द्यायचा नाही, ही युक्ती बायकांना चांगली माहीत आहे.

2008 साली गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने नांदेडचे रस्ते रुंद झाले. आमची गल्ली ओळखू येईना. शाळा आधीच देगलूर नाक्याकडे, भाड्याच्या इमारतीत गेली होती. खोल्या वाढल्या, पट कमी झाला. मोहल्ल्यातली मुलं इंग्रजी माध्यमाकडे वळली, त्यांना दोष कसा द्यायचा? गेल्या वर्षी दहावीला अकरा मुलं होती. माध्यमिक विभाग बंद करावा का, असा विषय संस्थेत निघाला आणि माजी विद्यार्थ्यांना बोलावलं. बहुतेकांचं म्हणणं पडलं की वर्गणी काढून शाळेला सुंदर कमान बांधू, साहेबांचं नाव देऊ. मी म्हटलं, कमान नंतर. आधी दोन शिक्षकांचा तीन वर्षांचा पगार बँकेत ठेवा आणि एक प्रयोगशाळा करा. एवढं जमत नसेल तर विभाग बंद करा आणि मुलांना चांगल्या शाळेत पोचवून द्या. थोडी शांतता पसरली. विषय अजून संपलेला नाही.

त्या अकरा जणांत माझी भाची होती. तिला डॉक्टर व्हायचंय, म्हणून जूनमध्ये तिला घेऊन मी लातूरला निघाले. नांदेड-लातूर अंतर साधारण एकशे चाळीस किलोमीटर. गोदावरी ओलांडली की विष्णुपुरीला उजाड माळावर विद्यापीठ लागतं, 1994 साली स्थापन झालेलं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. बसमधल्या किती जणांना माहीत असेल की हे स्वामीजी मुळात एका खानगी शाळेचे मास्तर होते! 1929 साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. हिप्परगा लातूरच्या दक्षिणेला, औशाच्या पलीकडे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथून 1935 साली ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले, तेही शाळेसाठीच.

या शाळा का निघाल्या ते आपण समजून घ्यायला हवं. हैदराबाद संस्थानात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होतं. 1918 च्या उस्मानिया विद्यापीठाने तर डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवलं. उर्दूवाल्यांना याचा अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण लोह्याच्या किंवा औशाच्या मराठी मुलाला हायस्कूलची पायरी परक्या भाषेत चढावी लागे. म्हणून लोकांनी पदरमोड करून आपल्या शाळा काढल्या, आणि सरकारला त्यांचा संशय आला. परवानगीवाचून खानगी शाळा काढायला बंदी झाली. 17 सप्टेंबर 1948 नंतर चित्र उलटलं. कारभार हळूहळू मराठी झाला. झेडपीच्या उर्दू शाळा होत्या आणि आहेत, पण पुष्कळ ठिकाणी त्या चौथी-सातवीशी थांबतात. मग उर्दू घरांनी पदरमोड करून आपल्या शाळा काढल्या. हिप्परग्याची शाळा आणि इतवाऱ्यातली माडी, दोन्ही एकाच गरजेतून निघाल्या: ज्याची भाषा सरकारी नाही, त्याला शाळा घरात काढावी लागते. फरक इतकाच की आमच्या मागे संविधानाचं कलम 30 उभं होतं.

लोह्याहून कंधारला फाटा फुटतो. तिथला किल्ला आणि हाजी सय्याह यांची दर्गा आपल्या वाचकांना माहीत असेल. केशवराव धोंडग्यांची शिक्षणसंस्थाही तिथलीच, श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. संस्थेच्या नावातच 'मोफत' घालणारा माणूस मला आवडतो. पुढे माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. दोन्हीकडे सोयाबीनच्या पेरणीची घाई चालली होती. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मी शिकवते कुठे, काय, विचारलं. उर्दू म्हटल्यावर म्हणाले, "मग तुम्हाला आता भाव आला असेल." 2023 साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकालीन दप्तर वाचायला मोडी आणि उर्दू जाणणारे हुडकावे लागले, त्याबद्दल ते बोलत होते. त्यांचे चुलते उर्दूतून मॅट्रिक झालेले. "आमच्या घरात उर्दूचं पत्र आलं की तेच वाचायचे. ते गेले, पत्रं राहिली." त्यांनी मला पत्ता दिला. मी जाणार आहे.

लातूरच्या मध्यावर गंज गोलाई आहे. फैय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेल्या या गोल बाजारातून सोळा रस्ते फुटतात. आता लातूर ओळखलं जातं ते 'लातूर पॅटर्न'मुळे. 1970 साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आधी वाढीव तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा अशी पद्धत बसली. तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आज त्या पॅटर्नभोवती अख्खा 'ट्यूशन एरिया' उभा आहे. मेस, होस्टेल, अभ्यासिका, झेरॉक्स, आणि भिंतींवर डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो. मी त्या फोटोंत आपली नावं शोधली, शिक्षकाची खोड. होती, बरीच होती. मुलींचीही.

भाचीच्या क्लासमध्ये एका वर्गात अडीचशे मुलं बसतात, म्हणजे आमची अख्खी शाळा आणि वर थोडी. तिथली प्रयोगशाळा पाहून ती दारातच थांबली, मग आत जाऊन एक-एक बाटलीवरचं नाव वाचत बसली. नीटची परीक्षा 2018 पासून उर्दूतही देता येते, पण तिने इंग्रजी निवडलंय. होस्टेलच्या वॉर्डनबाई जेवणाचं काय, नमाजला जागा कुठे, हे न विचारता सांगून गेल्या. फीचा आकडा मी बहिणीला फोनवर सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भरते मी. बांगड्या विकीन, पण घरी नाही बसवणार."

महिन्याने भाचीला फोन केला. सर कसे शिकवतात विचारलं. म्हणाली, "एकदम मस्त, खाला. पण त्यांना आमची नावं माहीत नसतात, रोल नंबर असतो."

"आणि गैरहजर राहिलीस तर? कुणी येतं का विचारायला?"

"कुणी नाही येत, तेच तर बरंय. अम्मीच्या मोबाइलवर मेसेज जातो, इंग्रजीत. अम्मी तो मलाच फॉरवर्ड करून विचारते, बेटा, यात काय लिहिलंय?"